घर दाखवायचं शिक्षण

"म्हणजे मुलगी दाखवायचा कार्यक्रम असतो तसं?" नवऱ्यानं पेपर खाली न करता विचारलं.

होम स्टेजिंग म्हणजे काय, हे मी त्याला पुन्हा पहिल्यापासून समजावत होते. घर विकायला काढलं की बघायला लोक येतात. त्यांना ते आवडावं, इथं आपण राहू शकू असं त्यांच्या मनात यावं, म्हणून घर नीट मांडून ठेवायचं. नको ते सामान हलवायचं, हवं ते पुढं आणायचं, उजेड आत येऊ द्यायचा. बाहेरच्या देशांत हा रीतसर धंदा आहे आणि आता आपल्याकडेही त्याचे क्लास निघालेत.

"तसंच समजा," मी म्हणाले. "फक्त इथं कुणी पोहे देत नाही."

"मग कशाला कोण येईल?"

असा माझा नवरा. सातपूरच्या कारखान्यात जन्मभर मालाची तपासणी केली, त्यामुळे समोर काहीही ठेवलं तरी आधी त्यातली खोट शोधतो. पण मनानं सरळ आहे. पेपर वाचून झाल्यावर स्वतःच म्हणाला, "तुला जमेल ते. रुखवत मांडतेस तेव्हा पोराकडचे लोकही जेवायचं विसरून बघत बसतात."

हे खरं होतं आणि ते मला ठाऊकही होतं. लग्नातलं रुखवत, डोहाळेजेवणाचा झोपाळा, चैत्रातलं हळदीकुंकू, गौरींपुढची आरास, आमच्या इंदिरानगरातल्या निम्म्या घरांत यातलं काही ना काही मी मांडून दिलेलं आहे. कुणाच्या घरात पाऊल टाकलं की माझे हात शिवशिवतात. खुर्ची इकडे का, पडदा असा का, हे मला दिसतं आणि बहुतेक वेळा मी ते बोलूनही दाखवते. त्यामुळे काही घरांत मला दुसऱ्यांदा बोलावणं आलेलं नाही.

मुलगी बंगळुरूला असते. होम स्टेजिंगचा पहिला व्हिडिओ तिनंच पाठवला. "आई, हे तू फुकटात करतेसच. याचं सर्टिफिकेट मिळतं, घे." पन्नाशी उलटल्यावर सर्टिफिकेट म्हटलं की उगाच गुदगुल्या होतात. मी मनावर घेतलं. पण मनावर घ्यायचं खरं कारण सर्टिफिकेट नव्हतं. खरं कारण माझी ताई होती.

ताई माझ्याहून बरीच मोठी. आम्ही दोघी देवळ्याच्या. तिचं लग्न होऊन ती सातपूरला आली ती चाळीस वर्षं तिथंच राहिली. दाजी कंपनीत होते तेव्हा त्यांनी कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. त्या वेळी लिफ्ट कुणी बघत नव्हतं, दोघं धडाधडा जिना चढायचे. आता दाजी नाहीत आणि ताईच्या गुडघ्यांनी पार असहकार पुकारलाय. भाजी वर येते, दूध वर येतं, औषधं वर येतात. ताई मात्र खाली येत नाही. मंगळवारचं भजनी मंडळ सुटलं, आमच्याकडचं येणं सुटलं. फोनवर विचारावं काय करतेस, तर म्हणायची, "खिडकीत बसलीय. खालच्या गाड्या बघतीय."

आमच्या समोर, मधे फक्त रस्ता, एक छोटंसं तळमजल्याचं घर आहे. त्याचे मालक पुण्याला मुलाकडे कायमचे निघाले होते. ताईचा फ्लॅट विकला गेला की ते घर ताईनं घ्यायचं असं ठरलं. भले गृहस्थ, म्हणाले, "गुढीपाडव्यापर्यंत थांबतो. मग मात्र मला दुसरं गिऱ्हाईक बघावं लागेल." हे बोलणं दिवाळीतलं. आणि ताईचा फ्लॅट त्याआधी वर्षभर नुसताच विक्रीला होता. माणसं यायची, बघायची, पाणी पिऊन जायची. ताईला माझ्या घरी कायमचं राहायला ये म्हणून मी हजारदा सांगितलं होतं. तिचं एकच उत्तर, "तुझ्या घरी मी पाहुणी. माझा ओटा मला पाहिजे."

फ्लॅटचं काम बघणारा एजंट एकदा म्हणाला होता, "काकू, घर चांगलंय. पण दिसत नाही." तेव्हा मला त्याचा राग आला होता. व्हिडिओ बघितल्यावर वाटलं, हा बाबा बरोबरच बोलत होता की. हे मला शिकायला हवं, आणि पाडव्याच्या आत शिकायला हवं.

क्लास शोधायला मोबाइलवर एकदा नुसतं टाइप केलं आणि नाकी नऊ आले. ज्या संस्थांची नावंही मी वाचली नव्हती त्यांच्या मुली मला फोन करून 'मॅम, आपण डिसिजन घेतला का' विचारू लागल्या. मी स्वयंपाक करत असायचे, एका हाताला कणीक. एकीला म्हटलं, बाई गं, अजून भाजीचा डिसिजन व्हायचाय.

सगळ्यात भारी होता तो परदेशातला ऑनलाइन क्लास. मुलीचं मत त्यालाच. पहिला धडा फुकट होता. पांढऱ्या केसांची एक गोड बाई मोठ्ठ्या दिवाणखान्यात फिरत होती, मागं शेकोटीची जागा, बाहेर बर्फ. इंग्रजी मला बऱ्यापैकी कळतं, खाली अक्षरंही उमटत होती. ती म्हणत होती, घर विकायचं असेल तर त्यातून स्वतःला बाहेर काढा. कुटुंबाचे फोटो काढा. धर्माच्या खुणा काढा. फिके रंग ठेवा, पांढऱ्या उशा ठेवा. आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर एका काचेच्या भांड्यात पिवळीधमक ताजी लिंबं ठेवा. काय सुरेख दिसत होती ती लिंबं! मी त्या लिंबांवरच भाळले.

दुसऱ्याच दिवशी सातपूर गाठलं. ताईला सगळं समजावलं. ती पलंगावर बसून ऐकत होती, मी जोरात होते. दाजींचा हार घातलेला फोटो हॉलमधून काढून कपाटात ठेवला. पलंगावर पांढरी चादर, पांढऱ्या उशा. मग देवघर. ताईचे देव पाटावरचे, छोटे, पितळेचे, सासूकडून आलेले. ते मी तांदळावर ठेवून स्वच्छ पंच्यात गुंडाळले आणि म्हटलं, "थोडे दिवस माझ्याकडे असू दे. फ्लॅट विकला की समोरच्या घरात बसवू." ताई "बरं" म्हणाली. तिचं 'बरं' कशाचं असतं हे मला लहानपणापासून कळायला हवं होतं. पण मी घाईत होते.

मी देव घेऊन घरी आले. संध्याकाळी दारात रिक्षा थांबली आणि तिच्यातून ताई उतरली. हातात पिशवी. तीन मजले एकटी उतरून आली होती, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. मी आणि नवरा दोघंही धावलो.

"अगं, काय झालं?"

"व्हायचंय काय? दिवा लावायची वेळ झाली. दिवा कुठं लावू?" ती ओसरीवर टेकत म्हणाली. "देव इकडं आले, मग मी तिकडं काय करू?"

आमच्याकडे घर सोडताना देव सगळ्यात शेवटी उचलतात आणि नव्या घरात सगळ्यात आधी नेतात. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण व्हिडिओतल्या बाईच्या नादात मी देवांना सामान समजून उचललं होतं. देव उचलल्याबरोबर ताईच्या लेखी ते घर सुटलं. ज्या घरातून देव गेले तिथं ती रात्र कशी काढणार?

ताई आमच्या देवघरासमोर बसली, दिवा लावला, मग निवांत चहा प्यायली. नवरा हळूच मला म्हणाला, "ताईंना खाली आणायचा उपाय सापडला म्हणायचा." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो गुमान पेपर घेऊन आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक होतं. ताई आमच्याकडेच राहिली, किल्ली घेऊन मी गेले. जाताना बाजारातून लिंबं घेतली. पिवळी, एकसारखी, निवडून. काचेच्या भांड्यात ओट्यावर ठेवली. मागं सरकून बघितलं, तर अगदी व्हिडिओतल्यासारखं. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

गिऱ्हाईक नामपूरचं. कांद्याचा व्यापार असलेलं घर, मुलाला सातपूरला नोकरी लागलेली, त्याच्यासाठी फ्लॅट बघत होते. मुलगा, त्याची बायको आणि मुलाची आई. आई म्हणजे ठसठशीत कुंकू लावलेल्या, भारदस्त बाई. सगळा निर्णय त्यांच्याच हातात, हे दारातच कळत होतं. त्या खोल्यांतून सावकाश फिरल्या. रिकाम्या देवघरापाशी थांबल्या.

"देव कोठे शेतस?" त्यांनी विचारलं.

"उचलून ठेवलेत," मी म्हणाले.

त्या तशाच वळल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्यासमोर दगडासारख्या उभ्या राहिल्या.

"आठे लिंबू कसाले ठेवेल शेतस?"

"शोभेला," मी म्हणाले.

त्यांनी मुलाकडे बघितलं. मुलानं माझ्याकडे बघितलं. माणूस नसलेलं घर, देव उचललेले, पांढरी चादर अंथरलेली, आणि ओट्यावर वाडगाभर लिंबं. त्या बाईंच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. त्यांनी पदर सावरला, सुनेचा दंड धरला आणि पाण्याचा घोटही न घेता जिना उतरून गेल्या. मुलगा चप्पल हातात घेऊनच खाली पळाला. संध्याकाळी एजंटचा फोन आला. "काकू, ते लोक विचारतायत, त्या घरात काही झालंय का? कुणी करणी केलीय का?"

मी घरी येऊन आधी रडले, मग हे सगळं ताईला सांगताना हसायला लागले. ताई मात्र हसली नाही. म्हणाली, "लय चांगली माणसं होती का गं?"

त्या एका वाक्यानं माझं हसू गेलं. तिला ते घर विकायला हवं होतं, पाडवा पुढं दिसत होता, आणि मी आलेलं गिऱ्हाईक लिंबं दाखवून पळवून लावलं होतं.

पण त्या दिवसापासून क्लास निवडायचं माझं काम सोपं झालं. आता फी, किती महिने, सर्टिफिकेट कुठलं, हे मी विचारायचं सोडून दिलं. जो कुणी शिकवणारा असेल त्याला एकच प्रश्न विचारायचा. घर विकायचं आहे, मालकीण म्हातारी आहे, तिचे देव आहेत आणि भिंतीवर नवऱ्याचा हार घातलेला फोटो आहे. काय करायचं?

कॉलेज रोडवर एक मोठी संस्था आहे. आत पाऊल टाकलं की थंडी वाजते असा एसी. काळा कोट घातलेल्या एका पोरीनं मला मऊ सोफ्यावर बसवलं, गुळगुळीत पुस्तिका दिली. मी माझा प्रश्न विचारला. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "मॅम, तो टॉपिक थर्ड मॉड्यूलमध्ये कव्हर होईल." मी विचारलं, तिसरं मॉड्यूल कधी येतं? तर पावसाळ्यात. तोवर समोरच्या घरात भलतंच कुणी तरी राहायला आलेलं असणार. मी पुस्तिका परत दिली. पोरगी गोड होती, तिनं मला जाताना एक पेन दिलं.

दुसरा क्लास पुण्याचा, शनिवार-रविवारचा. त्या सरांशी व्हिडिओवर बोलणं झालं. त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. "देव काढायचे. फोटो काढायचा. देवघराच्या जागी एक बुद्धाची मूर्ती ठेवायची. तो पीस सगळ्यांना चालतो, कुणाला ऑब्जेक्शन नसतं." माझ्या शेजारणीच्या घरी बुद्धाची मूर्ती आहे. ती रोज सकाळी अंघोळ करून तिच्यापुढं मेणबत्ती लावते, हात जोडते. तिला कुणी 'पीस' म्हटलं असतं तर तिनं त्या सरांना चांगलं फैलावर घेतलं असतं. मी तिच्या वतीनं थोडंसं घेतलं. सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार इमोशनल आहात, हे प्रोफेशन आहे." मी म्हणाले, "हो, आहे," आणि फोन ठेवला. नंतर बराच वेळ मला आणखी काय काय बोलायला हवं होतं ते सुचत राहिलं.

तिसरा क्लास नाशिकरोडला, एका बाईंच्या राहत्या घरी. ही माहिती एजंटनं दिली. या बाईंनी बिल्डरांकडे सॅम्पल फ्लॅट सजवण्यात उमेदीची वर्षं घालवली आणि आता चार-सहा बायकांना शिकवतात. मी गेले आणि पहिल्याच भेटीत त्या मला अजिबात आवडल्या नाहीत. गडद लिपस्टिक, कानांत मोठ्या रिंगा, बोलणं तोडून टाकणारं. मी माझ्या रुखवतांचे फोटो दाखवले तर चष्मा वर करून म्हणाल्या, "गर्दी आहे फार." माझ्या तोंडावर! मी उठायच्या बेतात होते. पण एवढ्या लांब आले तर प्रश्न तरी विचारावा म्हणून विचारला. लिंबांचंही सांगितलं.

त्या हसल्या नाहीत. उलट मलाच विचारलं, "तुमची ताई दिवा किती वाजता लावते?"

"तिन्हीसांजेला. का?"

"मग घर तेव्हा दाखवा. सकाळी कशाला दाखवता? घरातली बाई दिवा लावतेय, देव जागेवर आहेत, उदबत्तीचा वास आहे. घेणाऱ्याला आणखी काय बघायचं असतं?"

"आणि फोटो?"

"फोटो त्यांचा आहे. त्यांना विचारा कुठं लावायचा. तुम्ही विचारलं होतं का?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी वही-बिही काही दिली नाही. म्हणाल्या, "यायचं असेल तर पहिला अभ्यास सांगते. त्या घरात जायचं, दाराच्या आत खुर्ची टाकायची आणि बसायचं. काहीही हलवायचं नाही. नजर कुठं जाते आणि कुठं अडते, एवढंच बघायचं. तुम्हाला हे जड जाणार."

घरी आल्यावर घरात दोन तट पडले. फोनवर मुलीचं म्हणणं, त्या बाईंच्या सर्टिफिकेटला कोण विचारतंय, परदेशातलं घे. नवऱ्याचं म्हणणं, नाशिकरोडला रोज कोण सोडायला येणार. मी म्हणाले, "मला त्याच बाईंकडे जायचंय."

"तुला तर त्या आवडल्या नाहीत ना?" नवरा म्हणाला.

"नाहीच आवडल्या. लग्न थोडंच करायचंय त्यांच्याशी?"

ताईला परत वर न्यायचं होतं. हे मला सगळ्यात अवघड वाटत होतं, पण तिला सांगितल्याबरोबर ती उठली. देव मांडीवर घेऊन गाडीत बसली. मी एका बाजूनं, नवरा दुसऱ्या बाजूनं असे आम्ही तिला तीन मजले चढवलं. प्रत्येक मजल्यावर ती श्वास घ्यायला थांबायची, गुडघे दाबायची, पण देव काही माझ्या हातात दिले नाहीत. देवघरात देव बसले, तिनं दिवा लावला, आणि स्वयंपाकघरात जाऊन आमच्यासाठी खिचडी टाकली.

मग मी दारात खुर्ची टाकून बसले. हात मांडीखाली घेऊन बसले, इतके ते शिवशिवत होते. ताई विचारायची, "अगं, करतीस काय?" मी म्हणायचे, "अभ्यास." आणि बसून बसून मला दिसलं. दारातून आत आलं की नजर थेट शोकेसवर आदळते. दाजींची बक्षिसं, घड्याळं, कंपनीच्या क्रिकेटचे कप, सगळं त्या अवाढव्य शोकेसमध्ये, आणि ती शोकेस गॅलरीच्या दारापुढं अर्धी आडवी. मागं गॅलरीत भरपूर उजेड होता, गंगापूरच्या बाजूचा डोंगर दिसत होता. पण तो बघायला शोकेसला वळसा घालावा लागे. इतकी वर्षं मी त्या घरात येत होते, रुखवतं मांडणारी मोठी जाणकार, आणि ही गोष्ट कधी डोळ्यांत भरली नव्हती. घर चांगलं होतं आणि दिसत नव्हतं.

शोकेस आतल्या खोलीत नेली. नवरा आणि एजंट दोघांनी मिळून ढकलली, नवरा तिच्या मापात खोट काढत होता. मग मी ताईला विचारलं, "दाजींचा फोटो कुठं लावू?"

तिनं क्षणभरही विचार केला नाही. "माझ्या खोलीत, पलंगासमोर. हॉलात लावल्यापासून हे नुसते टीव्हीच बघतायत."

बाकी मी काहीच केलं नाही. पांढऱ्या उशा माझ्या घरी परत नेल्या, ताईची वाकळ जागेवर गेली. एजंटला फोन करून लिंबांची खरी हकिगत सांगितली. तो इतका हसला की त्यानं ती नामपूरला फोन करून सांगितली आणि तिकडेही सगळे हसले म्हणे. दोन-तीन दिवसांनी त्याचा निरोप आला, बाई पुन्हा यायचं म्हणतायत. मी सांगितलं, तिन्हीसांजेला या.

त्या आल्या तेव्हा ताई दिवा लावत होती. दार उघडं होतं, गॅलरीतून शेवटचं ऊन हॉलमध्ये आलेलं. नामपूरच्या बाई उंबऱ्यात थांबल्या, आधी देवघराकडे बघितलं, हात जोडले, मग माझ्याकडे बघून विचारलं, "लिंबू कोठे गयात?"

"सरबत केलंय," मी म्हणाले.

त्या खळखळून हसल्या आणि आत येऊन बसल्या. मुलगा-सून खोल्या बघत फिरत होते, त्या मात्र हलल्याच नाहीत. ताईशी बोलत राहिल्या. दोघींची निम्मी भाषा एकच, देवळ्याची आणि नामपूरची. पाणी किती वाजता येतं, गॅलरीत पापड वाळतात का, शेजार कसा आहे, कुकर कुठं ठेवायचा. ताई कुणाला घर विकत होती असं वाटतच नव्हतं. ती घराबद्दल बोलत होती, एवढंच. हेही सांगून टाकलं की जिना आहे, लिफ्ट नाही, म्हातारपणी जड जाईल. मी डोळ्यांनी गप्प राहा म्हणत होते. नामपूरच्या बाई म्हणाल्या, पोरं तरणी आहेत, आम्ही येऊन-जाऊन.

निघायची वेळ झाली. तिन्हीसांजेला आलेल्या सवाष्णीला कुंकू लावल्याशिवाय पाठवायचं नाही, ही ताईची पद्धत. पण दाजी गेल्यापासून ती स्वतः कुणाला लावत नव्हती. कुणी तिला मनाई केली नव्हती. तिनंच सोडलं होतं. शेजारच्या वहिनींना हाक मारायची किंवा मी असले तर मला. आताही तिनं करंडा माझ्यापुढं केला. मी सुनेला लावलं. नामपूरच्या बाईंकडे वळले, तर त्यांनी मान मागं घेतली आणि ताईकडे बघितलं.

"तूच लाव ना माय. घर तुनं शे."

ताईनं करंडा माझ्याकडून परत घेतला. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, मग बोट कुंकवात बुडवलं आणि त्यांच्या कपाळावर टेकवलं. जरा वाकडं लागलं. बाईंनी ते पुसून सरळ केलं नाही. वाकून नमस्कार केला आणि सावकाश जिना उतरून गेल्या.

ताई देवघरासमोर बसून राहिली. मग म्हणाली, "घेतील बघ हे." एजंटचा होकाराचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला.

कागदपत्रं, बँक, सह्या यांत दिवस गेले, पण पाडव्याच्या आत सगळं पार पडलं. ताबा द्यायच्या दिवशी सामान आधीच आमच्या ओसरीवर येऊन पडलं होतं. घरात फक्त देव आणि ताई. ती म्हणाली, नामपूरचे लोक येईपर्यंत मी हलणार नाही, देवघर रिकामं ठेवायचं नाही. त्या बाई आल्या, पदराखाली परडी, परडीत त्यांचे देव. ताईनं आपले उचलले, त्यांनी आपले ठेवले. मी मागं उभी राहून डोळे पुसत होते आणि मला ते अजिबात लपवावंसं वाटलं नाही.

माझा क्लास अजून चालू आहे. बाई अजूनही मला आवडत नाहीत. परवा त्यांनी माझ्या एका मांडणीला 'बरं आहे' म्हटलं आणि मी रिक्षात बसून घरापर्यंत हसत आले. सर्टिफिकेट मिळेल तेव्हा मिळेल.

ताई समोरच्या घरात राहायला आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. बघते तर ताई, अंघोळ करून, केस ओले, एकटीच रस्ता ओलांडून आलेली. हातात वाटी.

"वाटीभर साखर दे गं," ती म्हणाली.

आदल्या दिवशी तिचा साखरेचा डबा मीच काठोकाठ भरून आले होते. तरीही मी वाटी भरून दिली, आणि चहाचं आधण दोघींचं ठेवलं.